येईल त्याला जखम
बाबांच्या पायाच्या अंगठ्याला गंजका पत्रा लागला आणि डिचोलीच्या आमच्या घराला जत्रेची कळा आली. खाणीवरचा ट्रक चालवून थकून घरी बसलेले बाबा, त्यात रक्तात साखर. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं हे कर्तव्य. पण नुसतं माणूस बघून कुणाचं भागत नाही, जखम बघावी लागते. आणि बाबांना तेवढंच हवं असायचं. उंबऱ्यापाशी कुणी चप्पल काढली की बाबा पट्टीची गाठ सोडायला लागत.

पहिले चार दिवस अंगठा लाल, गरम, सुजून टम्म. शेजारीण म्हणाली, पिकला. डॉक्टर म्हणाले, सूज म्हणजे शरीर कामाला लागलंय. रक्त तिकडे धावतं, घाण साफ करतं, मग खालून नवं मांस वर येतं. साखरेमुळे वेळ लागेल. मात्र ते मांस फार नाजूक, पट्टी उगाच ओढली तर तिच्यासोबत निघून येतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, हेही त्यांनी बाबांच्या तोंडावर सांगितलं.

पण पालथ्या घड्यावर पाणी. मी सकाळी स्वच्छ पट्टी बांधून कामाला जायची आणि संध्याकाळी बघते तर ती मळलेली, सैल. पेडण्याहून आलेल्या आतेभावानं करवंटी जाळून काढलेलं तेल चोपडलं. दुसऱ्या दिवशी कुणाची तरी हळद. एकानं तर नवं लाल मांस बघून अजून कच्चंच आहे म्हणत ते बोटानं चाचपलं. वर या वैद्यांच्या चहासाठी पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव आणून ठेवायचे मीच.

तिसऱ्या आठवड्यात पट्टी सोडली तर भरत आलेली जखम पुन्हा सोलून निघालेली. माझं डोकंच फिरलं. उद्यापासून दाराला कुलूप लावून जाणार, मी म्हणाले. अंगठा गेला तर मला हाक मारू नका, म्हणाले.

 बाबा पायाकडे बघत म्हणाले, "जखम भरली काय मागीर माका बघूक कोण येतलो?"

मी कात्री हातात घेऊन तिथंच बसले. ट्रक सुटल्यापासून या घरात गोळ्या आणि साखर सोडून त्यांच्याशी कुणी काही बोललं नव्हतं. कुणी म्हणजे मीच. घरात आम्ही दोघंच तर होतो.