दातवाल्याचा दुसरा भाग

हे सगळं मला नीट आठवतंय का, याची मला खात्री नाही. साल दोन हजार पाच असेल, सहाही असेल. रसायनशास्त्रात पीएचडी केलेल्या माणसानं एवढी तरी नोंद ठेवायला हवी होती. नोंदी मी ठेवल्या, पण भलत्याच. घरातली लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली, याची माझ्याकडे वर्षानुवर्षांची वही आहे. लाईट गेली की मला धडधडायचं. वेळ लिहिली की जरा थांबायचं. मी बाहेर असेन तेव्हा सूनबाईनं, म्हणजे मेधानं, लिहायचं असा घरात नियम होता. ती हसायची, पण लिहायची.

हरीभाऊंच्या व्हिडिओ हॉलबाहेरच्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसायचो. तिथले किस्से मात्र मी कधी लिहिले नाहीत. ते आपोआप साठत गेले, कपाटावर जुनी वर्तमानपत्रं साठतात तसे. आता एक ओढायला गेलं की चार अंगावर पडतात. एखादा चुकीचा सांगितला, तर माफ करा.

*

हॉल कोन गावात होता, कल्याण रोडपासून जरासा आत. मूळचं भाताचं गोदाम. मालक हरीभाऊ, गावचेच, जमीनजुमला असलेले. यंत्रमागांना शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की दोनचा शो. कारागीर पोरं दाटीवाटीनं सतरंजीवर बसत. तेव्हा एक पिक्चर दोन सीडींमध्ये यायचा. एक सीडी संपली की मध्यंतर, मग दुसरी.

आमची सोसायटी हॉलच्या मागेच. दर शुक्रवारी भर दुपारी किंकाळ्या ऐकू यायच्या. रिटायर झाल्यावर सहा महिने मी त्या सहन केल्या आणि एके दिवशी धीर करून तक्रार करायला गेलो.

हरीभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खुर्ची पुसली. "सर, कोन मरतंय त्ये बघा तं आधी. मंग तक्रार करा."

मी पाच मिनिटांसाठी बसलो. पावणेचारला उठलो.

तो दातवाल्याचा पहिला भाग होता. इंग्रजी पिक्चर, हिंदीत डब केलेला. खरं नाव कुणालाच उच्चारता यायचं नाही, म्हणून सगळे 'दातवाला' म्हणायचे. हीरो अर्धा माणूस, अर्धा रक्तपिपासू. उन्हात गेला तर राख होणार, म्हणून रक्तपेढीत रात्रपाळी करतो, मुदत संपलेल्या पिशव्या पितो आणि काळा कोट घालून शहराला बाकीच्या रक्तपिपासूंपासून वाचवतो. घरी म्हातारी आई. तिला वाटतं, मुलगा नुसता नोकरी करतो.

मी घरी आलो. मेधानं विचारलं, "बाबा, तक्रार केलीत?"

"पुढच्या शुक्रवारी करतो," मी म्हणालो.

*

इथे एक कबुली द्यायला हवी. प्रत्यक्ष जाण्याआधी मी वीज निरीक्षकाच्या कचेरीला एक निनावी पत्र टाकलं होतं: हॉलचं वायरिंग धोकादायक आहे, तपासणी व्हावी. पत्र टाकलं आणि विसरलो. तोवर मी तिथला नेमाचा प्रेक्षक झालो होतो.

एका शुक्रवारी तपासणीला इन्स्पेक्टर आला. माझा जुना विद्यार्थी. मला खुर्चीत पाहून तो दारातच थबकला. मग खिशातून पत्र काढलं, एकदा पत्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सर," तो हळूच म्हणाला, "अक्षर तुमचंच आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हरीभाऊ शेजारीच उभे होते. त्यांनी ते नक्की ऐकलं. मला वाटलं, आता बाकावरची माझी जागा गेली.

इन्स्पेक्टरनं सगळं वायरिंग बदलायला लावलं आणि हॉलच्या दाराशी एक भलामोठा मेन स्विच बसवून घेतला. हरीभाऊंनी सगळं मुकाट्यानं केलं. पुढच्या शुक्रवारी मला चहा देताना एवढंच म्हणाले, "सर, आता निवांत बसा. जलून मरनार न्हाय."

पत्राचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. त्याचंच मला जास्त दडपण यायचं.

*

बाकावर तिसरे कांबळे. तहसील कचेरीतून रिटायर झालेले, वाचन दांडगं, बोलणं तिखट. दरवर्षी जयंतीला विहारात रक्तदान शिबिर भरवायचे आणि दरवर्षी कपाळाला हात लावायचे, कारण कारागीर पोरं सुईला घाबरून यायचीच नाहीत.

त्या वर्षी शिबिराला रांग लागली. कांबळे खूश. तेवढ्यात एक सहाफुटी बिहारी कारागीर रक्त देऊन उठला, डॉक्टरांच्या हातातली आपली पिशवी निरखून पाहिली आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "साहब, ये उसी को देना. बेचारा एक्सपायरीवाला पीता है."

कांबळे बाकावर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. "सर, मी तीस वर्षं विज्ञानवाद सांगतोय. लोक आले ते दातवाल्यासाठी."

"पिशव्या किती झाल्या?" मी विचारलं.

"दुप्पट."

"मग?"

"मग काय मग? पुढचा भाग कधी येतोय ते विचारा हरीभाऊंना."

*

पुढचा भाग आला. तो दिवस मी विसरणं शक्य नाही. निदान मला तसं वाटतं.

पडद्यावर एकदम मारामारी सुरू झाली. नाव नाही, गाव नाही, ओळख नाही. तासाभरानं हीरो इस्पितळाच्या गच्चीवर चढतो, आतल्या माणसांना वाचवण्यासाठी सूर्य उगवेपर्यंत तिथेच लढत राहतो आणि पहिल्या उन्हात राख होतो. मेला.

मध्यंतर झालं. मध्यंतरानंतर पडद्यावर चित्रपटाचं नाव आलं आणि हीरो जिवंत! रक्तपेढीत विनोद करतोय, आईचा पाय चेपून देतोय, पुढच्या महिन्यात तिला समुद्र दाखवतो म्हणतोय. पोरं भडकली. "मर गया था ना? फिर कैसे?" चपला उडाल्या, निम्मा हॉल उठून गेला.

मी मात्र खुर्चीला खिळलो होतो. तो हसायचा तेव्हा मला ती गच्ची दिसायची. समुद्राचं नाव काढलं की राख. शेवटी आई दारात उभी राहून डबा पुढे करते आणि म्हणते, "जल्दी आना." तो डबा घ्यायला हात पुढे करतो, आणि तेवढ्यात लाईट गेली. उरलेला पिक्चर कुणालाच बघायचा नव्हता. मलाही नव्हता. त्याच्यापुढे आणखी काय दाखवणार?

घरी जाऊन मी जेवलो. गॅसचा नॉब बंद आहे का हे त्या दिवशी मी एकदाही पाहिलं नाही. मेधा घाबरली.

*

बाकावर एकमत होतं: भंगार पिक्चर. हरीभाऊ म्हणाले, "असला पिक्चर मी माज्या हॉलला कंदी लावला न्हवता." पहिला भाग उत्तम, पुढे आलेला तिसरा ठीक, दुसरा टाकाऊ.

मी दुसऱ्याची बाजू घेतली. आधी तोंडी, मग चार फुलस्केप पानं लिहून आणली आणि वाचून दाखवली. मृत्यू आधी, हसणं नंतर, आणि नाव मधोमध. एवढं धाडस कुणी केलंय?

चौथे होते रईसभाई, एका कारखान्यातले मुकादम, मूळचे आझमगढकडचे. ते शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "सर, आपने बहुत मेहनत की है. पिक्चरवाले ने नहीं की."

कांबळ्यांनी मात्र वेगळंच पकडलं. "सर, तुम्ही दर वाक्यानंतर 'माझं चुकत असेल' म्हणता. चार पानांत एकदाही म्हणाला नाहीत."

मी दचकलो. खरं होतं. नोकरीत मी स्वतःच्या प्रबंधावरही कधी इतका ठाम नव्हतो. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं होतं, "हा निष्कर्ष तुमचाच ना?" तेव्हा मी म्हणालो होतो, "बहुधा." आयुष्यात एकदाच मला एका गोष्टीबद्दल शंका नव्हती, आणि ती गोष्ट होती दातवाल्याचा दुसरा भाग.

"मंग पुन्ना लावू," हरीभाऊ म्हणाले. "पब्लिक ठरवल."

पैज अशी ठरली: पोरं उठून गेली, तर मी माझं मत चुकीचं होतं असं बाकावर सर्वांसमोर म्हणायचं. म्हटलं तर किरकोळ. पण मला कळत होतं, हे एक मत गेलं की माझ्याकडे स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं.

*

त्या शुक्रवारी मी ब्लडप्रेशरची गोळी दोनदा घेतली. निदान मला तसं वाटतं. घेतली की नाही आठवेना, म्हणून पुन्हा घेतली.

हॉल गच्च भरलेला. कांबळ्यांनी मला पडद्यासमोर ढकललं. "सर, लेक्चर द्या. सवय आहे तुम्हाला."

माझं हिंदी कामचलाऊ. मी म्हणालो, "ये आदमी पहले मरेगा. बाद में हंसेगा. जब हंसेगा, तब याद रखना." आणि खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्टर साहब डरा रहे हैं."

हरीभाऊ सीडी लावायला केबिनमध्ये गेले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मारामारी. गच्ची. ऊन. राख. मध्यंतर. नाव. हीरो जिवंत. मी मान खाली घालून चपलांची वाट पाहत होतो.

चप्पल उडाली नाही. हीरोनं पहिला विनोद केला, कुणी हसलं नाही. आईचा पाय चेपू लागला तेव्हा माझ्यामागे तोच सहाफुटी कारागीर नाक ओढत होता. समुद्राचं बोलणं निघालं तेव्हा कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मत बोल यार." एकही माणूस जागचा हलला नाही; हरीभाऊ तेवढे केबिनमधून येऊन दाराशी उभे राहिले. आई दारात आली, डबा पुढे केला. "जल्दी आना." त्यानं हात पुढे केला.

आणि लाईट गेली. बरोबर तिथेच.

अंधारात कुणी शिट्टी मारली नाही. पोरं तशीच बसून राहिली, मग एकेक करत गुपचूप बाहेर पडली.

बाकावर रईसभाई चहा ढवळत होते. मग म्हणाले, "सर, हमारे साथ ऐसा ही होता है. गांव से पहले फोन आता है कि अब्बा नहीं रहे. आठ दिन बाद उनकी चिट्ठी आती है, कि मैं ठीक हूं, आम भेज रहा हूं."

कांबळ्यांनी चष्मा पुसला.

मी हरीभाऊंना म्हणालो, "तुम्ही हरलात."

"हरलू तं हरलू, सर. चा घ्या."

घरी आलो तर पंखा फिरत होता. "आली वाटतं लाईट," मी म्हणालो. मेधा कामात होती, नुसतं "हं" म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी वही न उघडता झोपलो.

*

हरीभाऊ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हॉल पाडला, तिथे गोदाम उभं राहिलं. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एक पिशवी माझ्याकडे पाठवली. आत दातवाल्याचे तिन्ही भाग होते. मेधानं दुसऱ्या भागाची पहिली सीडी कॉम्प्युटरवर लावली.

सुरुवातीलाच चित्रपटाचं नाव आलं. हीरो जिवंत. रक्तपेढी, विनोद, आईचे पाय, समुद्र. आई डबा देते, तो घेतो, निघून जातो, मग पोलीस येतात, गाड्या उलटतात. दुसऱ्या सीडीत मारामारी, गच्ची, राख, आणि शेवटची नावं. सरळ, साधा, बराचसा कंटाळवाणा पिक्चर.

ज्या पिक्चरसाठी मी चार पानं लिहिली, तो कुणी काढलाच नव्हता.

वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "लोडशेडिंग न्हवतं का तवा? मारामारी बघाच्या आदी लाईट गेली का पोरा तोडफोड कराची. मंग ज्या दिशी लाईट जानार आसल, त्या दिशी हे दुसरी सीडी आदी लावाचे. लाईट जानार नसली तं बराबर लावाचे, पहिली, मंग दुसरी."

घरी येऊन मी वही काढली. आमची सोसायटी आणि हॉल एकाच लाईनवर होते. दुसऱ्या भागाच्या पहिल्या शोचा शुक्रवार सापडला: दुपारी ३.३५ ला गेली, ५.१० ला आली. बरोबर.

मग पैजेचा शुक्रवार शोधला. अक्षर मेधाचं होतं.

"आज लाईट जाणार नव्हती आणि दिवसभरात एकदाही गेली नाही."