आईच्या नावाचा खण

आमच्या गावचे रुद्रमुनय्या मास्तर मोठे लेखक. ते गेले आणि पुढच्याच जत्रेला गावानं त्यांच्या आयुष्यावर नाटक बसवलं. दरसाल तेच नाटक, आणि मास्तरांचं काम दरसाल चन्नवीरप्पाकडे. माणूस खण विणणारा, बिनलग्नाचा. भाषणं मागावरच पाठ करायचा. धोटा तिकडं गेला की एक वाक्य, इकडं आला की दुसरं.

मास्तरांच्या बायकोचं काम करायला गदगची नीलव्वा यायची. जत्रेच्या सकाळी आली, एक तालीम, नाटक, की दुसऱ्या दिवशी परत. वर्षाला चाळीस गावांत चाळीस जणांची बायको! बसमधून उतरतानाच ओरडायची, "काय धनी, बायकोची पिशवी कोण उचलणार?" चन्नवीरप्पा लालेलाल; पण पिशवी तोच उचलायचा. एका साली भर नाटकात त्याची मिशी गळून पडली, तर हिनं उचलून दिली, "घ्या, विसरलात!" आठवडाभर गाव हसत होतं.

आमच्यात नाटक मध्येच थांबवून नटांना आहेर करतात. माईकवर पुकारायचं काम माझं. दरसाल एक चिठ्ठी ठरलेली : 'नीलव्वाबाईंना खण, चन्नवीरप्पाच्या आईकडून.' म्हातारी वारली, तरी चिठ्ठी येतच राहिली. एकदा कुणी ओरडलं, "म्हातारीनं वरून धाडला काय रे?" सगळे हसले. नीलव्वानं मात्र खण कपाळाला लावला.

शेवटच्या अंकात बायको विचारते, "साऱ्या जगासाठी लिहिलंत. माझ्यासाठी काय लिहिलंत?" मास्तर मान खाली घालतात. पडदा.

बाविसाव्या साली तालमीतच ती म्हणाली, "धनी, गुडघे गेले माझे. पुढल्या जत्रेला दुसरी बायको बघा."

चन्नवीरप्पानं मला बाजूला ओढलं. "मामा, आज मान खाली घालणार नाही. उत्तर देणार."

"काय देणार?"

"तिथं सुचेल."

नाटक झकास चाललं. तिनं प्रश्न विचारला. यानं मान वर केली, तोंड उघडलं... आणि तेवढ्यात पेटीवाल्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. मी गाढव! चिठ्ठी आली की पुकारायची, एवढंच ठाऊक. "थांबा! चन्नवीरप्पाला पटका, नीलव्वाबाईंकडून!"

नाटकवाल्या बाईनं आहेर घेतलेला सगळ्यांनी पाहिला होता; दिलेला कुणीच नाही. तिनं स्वतःच्या हातानं त्याला पटका बांधला.

आहेर झाला की नाटक थांबलं त्याच वाक्यापासून धरायचं, ही रीत. तिनं पुन्हा विचारलं, यावेळी हळू. चन्नवीरप्पाचे ओठ हलले. शब्द आला नाही. मान खाली गेली, पटका डोळ्यांवर आला, आणि लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

दुसऱ्या दिवशी पिशवी त्यानंच बसपर्यंत नेली. "बोललास काय?" मी विचारलं.

"पिशवी जड होती, मामा."

आता हुबळीची एक पोरगी येते. चन्नवीरप्पा दरसाल जत्रेआधी एक खण विणतो आणि ट्रंकेत ठेवतो. नऊ झाले. मी म्हणतो, "अरे, गदगची बस रोज सुटते."

तो धोटा थांबवतो. "जत्रेशिवाय जाऊ कुठल्या नात्यानं?"