राजलक्ष्मीबाईंचा डावा डोळा

राजलक्ष्मीबाई पहिल्यांदा गुरुप्रसाद रानड्यांच्या कापडदुकानात शिरल्या तेव्हा अख्ख्या नई सडकेची रहदारी थांबली, तीन स्कूटर एकमेकांत घुसल्या आणि चार शिपायांना न हलवता आलेली गाय आपण होऊन फूलबागेकडे निघून गेली, असं गुरुप्रसाद सांगतात. खरं घडलं ते एवढंच: शिंदे की छावनीतल्या या पगडी बांधणाऱ्या बाईंनी ठाण उलगडून विचारलं, "गुरुभाऊ, हे लाल आहे की लाजलेलं पांढरं?"

त्यानंतर नऊ वर्षं दोघं भांडत होती आणि बाई कापड तिथूनच नेत होत्या. शिंदेशाही पगडीचे पीळ त्यांच्या बोटांतून असे उतरत की बघणाऱ्यानं श्वास रोखावा.

या मेमध्ये त्यांच्या भावाचं, समरजीतचं, लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. त्याची पगडी बाईच बांधणार. अशात बाई तणतणत आल्या.

"विटकं कापड दिलंत! माझ्या भावाला?"

दुकानाची तीन पिढ्यांची अब्रू! गुरुप्रसादांनी त्यांना दारातल्या उन्हात उभं केलं. रंग पारखायचा आजोबांचा रिवाज होता: आधी एका डोळ्यानं बघायचं, मग दुसऱ्यानं.

बाईंनी डावा डोळा मिटला. "आता त्यातल्या त्यात लाल दिसतंय." मग उजवा मिटला. "आता विटलं."

"जिंकलो!" गुरुप्रसादांनी उडीच मारली. "कापड निर्दोष, डोळा बदमाश!" आणि उडी खाली येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला. "ताई, आणखी काही होतंय?"

"कुछ नहीं हो. बोटं महिनाभर बधिर आहेत. पीळ द्यायला मान वाकवली की पाठीतून करंट जातो. उन्हात गेलं की सगळं वाढतं. सासूबाई म्हणतात, उन्हाची लू लागली, पदराला कांदा बांध."

"बांधलात?"

"हा काय!"

कांद्यासकट बाईंना घेऊन गुरुप्रसाद पुतणीच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर मंजिरी मेंदूविकारतज्ज्ञ. तिनं डोळा तपासला, मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय काढला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासायला पाठवलं. नाव निघालं मल्टिपल स्क्लेरोसिस.

"मज्जातंतूंवर वेष्टण असतं, तारेवर असतं तसं," मंजिरी म्हणाली. "शरीराचे पहारेकरीच ते कुरतडतात. तिथे चट्टे पडतात आणि निरोप अडतो. मेंदूत काही चट्टे जुने आहेत, काही ताजे."

"म्हणजे आपलीच फौज आपल्या छावणीवर?" राजलक्ष्मीबाई उसळल्या. "गद्दार कुठले! पगडीचं बोला. बांधता येईल?"

"डोळा बहुधा सुधारेल. बोटांचं सांगता येत नाही. रोग बरा होत नाही, पण औषधांनी पुढचे हल्ले कमी होतात."

पाच दिवस स्टेरॉइडची सलाइन झाली. लग्नाच्या सकाळी बाई कूलरसमोर बसल्या. एरवी वीस मिनिटांचं काम, दोन तास चाललं. पीळ तीनदा सुटला, तीनदा त्यांनी बोटांना शिव्या घातल्या. शेवटी पगडी उभी राहिली तेव्हा नवरदेवाआधी गुरुप्रसादच "वाह!" करून ओरडले.

बोटांचा बधिरपणा काही गेला नाही. बाई आता दिवसाला एकच पगडी बांधतात. डावा डोळा मात्र जवळजवळ पूर्ण सुधारला. मग एकेका डोळ्यानं त्यांनी ते ठाण पुन्हा पारखलं. दोन्ही डोळ्यांना ते थोडं विटकंच दिसलं. आता त्या कापड समोरच्या दुकानातून घेतात.