रीनानं शिकवलेला शब्द

भरवेलीच्या खाण कॉलनीत राहणारी कमला या वयात नवी भाषा शिकायला लागली, ती मुलीपायी. रीना हॉटेलच्या नोकरीवर हवाई बेटांवर गेली होती. दर रविवारी सकाळी ती फोनवर तोंड दाखवायची आणि मायला तिथले दोन-चार शब्द सांगायची. आपल्याकडे रविवार उजाडला तरी तिथे अजून शनिवारची संध्याकाळच असते, यावर विश्वास बसायलाच कमलाला महिना लागला.

शब्द ऐकूनही ती दचकायचीच. 'महालो' म्हणजे आभार. 'वाई' म्हणजे पाणी. 'माके' म्हणजे मेलेला. आणि 'आई' म्हणजे जेवण!

"अवं, आईले खाते का थे लोकं?" कमला ओरडली, तेव्हा तिचा नवरा तेजराम बशीतला चहा सांडेपर्यंत हसला होता.

त्या रविवारी रीनाशेजारी तिची घरमालकीण बसली होती, पिकल्या केसांत फूल खोचलेली.

"माय, आजचा शब्द हानाई," रीना म्हणाली. "दुसऱ्याच्या पोटचं, पण आपण वाढवलेलं लेकरू. ह्या बाईले तिच्या मावशीनं वाढवलं. इथं कोणी लपवत नाई." मग जरा थांबून, हळूच, "मी बी तुही हानाईच ना?"

कमलाचं बोट लाल बटणावर पडलं. फोन बंद.

"काहून कापला?" तेजरामनं विचारलं.

"तिले माहीत हाय."

तेजराम उभा होता तो खाटेवर बसला. रीना कमलाच्या बहिणीची, बैहरच्या गीताची मुलगी. कमलाची कूस उजवली नाही म्हणून गीतानं ओल्या बाळंतपणातच लेकरू तिच्या ओटीत घातलं होतं. रीनाला कधी सांगायचं नाही, असं तिघांत ठरलं होतं. आजवर कोणी तोंड उघडलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. कमलानं उचलला.

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनीच नाई. गीतामावशी आली की माह्या पायाकडं पाहे. मंग मीबी तिच्या पायाकडं पाह्यलं. करंगळी सेम तशीच वाकडी. मी नववीत होती."

"नववीत! अन् बोलली नाई?"

"तुले वाईट वाटलं असतं, माय."

इतकी वर्षं आपण पोरीला जपतो आहोत असं कमलाला वाटत होतं. पोरच तिला जपत होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बैहरची बस धरली. गीता अंगणात तांदूळ पाखडत होती. ऐकलं आणि सूप तिच्या हातातून निसटलं. "आता मी तिले तोंड कसं दाखवू?" एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली. सांडलेले दाणे कोंबड्यांनी टिपले, तरी दोघींपैकी कोणी हललं नाही.

कमलानं तिथूनच फोन लावला. गीता आधी दाराआड लपली. मग डोक्यावर पदर घेऊन समोर आली खरी, पण नजर जमिनीलाच.

"मावशी, गुडघा कसा हाय?" रीनानं विचारलं. "गोळ्या घेऊन राह्यली का नाई?"

गीतानं मान वर केली. ती फोनमधल्या रीनाकडं पाहतच राहिली. मग कमलानंच सांगितलं, "नाई घेत. तूच रागव तिले."