एका बोटाचा रामराम

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले काका तीन महिने आयर्लंडला राहून आले आणि तेव्हापासून आमच्या फुलपाडा वस्तीतले एकमेव आयरिश गृहस्थ म्हणून वावरू लागले. माणूस मूळचा जवळच्याच चांदीप गावचा, भातशेतीच्या घरातला, सुकटीशिवाय घास न उतरणारा. पण मुलगी तिकडे नर्स, आणि तीही शहरात नव्हे, एका खेड्यात. चर्च एक, दुकान एक, आणि माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. दुसरा कोणी आठ दिवसांत कंटाळून परतला असता. काकांनी मात्र मुलगी देण्याआधी गावाची करतात ती सगळी चौकशी, मुलगी तिथे जाऊन राहिल्यावर केली. कोणाचं शेत कुठे संपतं, कोणत्या म्हाताऱ्याचं कोणाशी वाकडं आहे, विहिरीजवळच्या झाडाला लोक चिंध्या का बांधतात, सगळं त्यांना पाठ. "अरे, नवसच तो आपला!" ते मला सांगत. "फक्त नारळ मिळत नाही बिचाऱ्यांना."

परत येताना लोक चॉकलेटं आणतात, काकांनी रीतिरिवाज आणले. तिकडे म्हणे चहा विचारला की दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचा. एवढं शिकायला विमानाने जायची काय गरज होती, असं माझी बायको म्हणाली. पण एकदा ती तिसऱ्यांदा विचारायला विसरली, तेव्हा हा गृहस्थ आमच्या सोफ्यावर चहाविना ताटकळत बसून राहिला. तळमजल्यावरचे आजोबा गेले तेव्हा तर कहरच झाला. तिकडे मयताच्या घरी शेजारीपाजारी सँडविचं नेतात, म्हणून काका डबाभर काकडीची सँडविचं घेऊन हजर! जमलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, कोणी डब्याला हात लावेना. पण सकाळपासून पोटात काही नसलेली त्या घरची सून जिन्यात उभी राहून त्यातलं एक खात होती, हे मी पाहिलं आहे.

या सगळ्यावर कडी म्हणजे काकांचं बोट. त्या गावात समोरून कोणीही गाडी घेऊन आलं, ओळखीचं असो वा नसो, की स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं. हसायचं नाही, मान वळवायची नाही. "बास! तू आहेस, मी आहे, एवढं कळलं," काका म्हणत. हा रामराम त्यांनी आपल्या पिस्ता रंगाच्या जुन्या स्कूटरवर आणला. पहिल्याच दिवशी शेअर रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला आणि विचारलं, "स्टेशन? एक सीट?" भाजीवालीने एक जुडी मेथी पिशवीत घालून पुढे धरली. काका डगमगले नाहीत. नाक्यावरून जाताना रोज बोट वर, नजर सरळ, आणि मागे वळून पाहण्याचा प्रश्नच नाही. स्कूटरला आरसेही नव्हते. मागचं बघून करायचंय काय, असा त्यांचा सवाल असे.

गंमत चालली होती तोवर ठीक होतं. पण काकू गेल्यापासून ते एकटेच, आणि मुलगी कायमचं बोलावत होती. एके दिवशी जिन्यात मला थांबवून म्हणाले, "चांदीपला लहानपणी बांधावरून गेलो तरी कोणीतरी विचारायचंच, कुठं चाललास रे? तिकडे त्या परक्या गावातही विचारतात. इथे इतकी वर्षं काढली, पण मी रस्त्यावरून गेलो काय नि न गेलो काय. दिवाळीपर्यंत एकाने जरी माझ्या बोटाला बोट उचललं ना, तर मी इथेच राहीन. तू नाही हं. तू शेजारी, तुझं धरायचं नाही." मला तो त्यांचा नेहमीचा चावटपणा वाटला. दिवाळी आली नि गेली. मग एका दुपारी त्यांच्या दारात दोरीने बांधलेली खोकी दिसली. जाताना स्कूटरची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "नीट चालव," एवढंच म्हणाले.

मी भित्रा माणूस, म्हणून आधी दोन्ही बाजूंना आरसे बसवून घेतले. पहिल्यांदाच स्कूटर घेऊन नाक्यावरून पुढे गेलो, सहज आरशात पाहिलं, आणि गाडी बाजूलाच घेतली. मागे रिक्षा स्टँडवर रांगेतल्या रिक्षावाल्यांनी हँडलवरून एकेक बोट उचललं होतं. भाजीवालीचंही बोट वर होतं.

मी चालत मागे गेलो. त्यांच्यातला वयस्क रिक्षावाला ओशाळून हसला. "काका समोरून यायचे तवा लाज वाटायची ओ. पुढं गेले की पाठनं करायचो. पयले मस्करी होती, मंग सवयच पडली. आता गाडी दिसली की बोट आपोआप वर जातं. पन काका हायत कुठं?"

मी तिथूनच काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"भाजीवालीनेही?" त्यांनी विचारलं.

"तिनेही."

"आरसा बसवायला हवा होता रे मी," काका म्हणाले, आणि मग तिकडच्या मेंढ्यांबद्दल काहीतरी सांगत राहिले.