नीट केलेली पिन

मालतीताईंचं नाव आधी. घडलं ते नंतर. त्या नसत्या तर सांगण्याजोगं काही घडलंच नसतं. दिवाळीच्या आत मी परभणीकडच्या माझ्या गावी, दुसऱ्याच्या रानात खुरपं घेऊन बसले असते.

त्या शरदात दुपारी पनवेलच्या आमच्या कंप्युटर-दुरुस्तीच्या दुकानात स्पिरिटचा थंड वास तरंगत असे. खिडकीतून पिकत्या भाताचा दुधाळ गंध येई, खाडीचा खारा वारा येई, आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा घसा खवखवणारा दर्प. हीच हवा यंत्रांच्या पोटात शिरत असावी. कारण तिकडच्या जुन्या कंप्युटरांची कार्डं दुरुस्तीला येत तेव्हा तांब्याच्या भांड्यावर धरावा तसा हिरवट कळंक त्यांच्या सोनेरी कडांवर धरलेला असे. तो खोडरबराने हलक्या हाताने पुसायचा, खाचांतला गंज स्पिरिटने धुवायचा, वाकलेल्या पिना उभ्या करायच्या. आठवीत शाळा सुटली तेव्हा हातातून गेलेलं खोडरबर असं पुन्हा बोटांत आलं होतं, आणि ते पुन्हा जाईल या धास्तीने मी ते गरजेपेक्षा घट्ट धरत असे. तळोज्यात पाळीवर जाणाऱ्या दादाने बजावलंच होतं, दिवाळीपर्यंत काम टिकलं तर राहा, नाहीतर गाडीत बसवून देतो.

मालतीताई दुकानातल्या जुन्या कारागीर, खाडीकाठच्या, मिठागरात वाढलेल्या. पहिल्याच आठवड्यात एक भंगार कार्ड पुढे सरकवून त्या म्हणाल्या, "नीट कर गो बाय." आमच्याकडे नीट म्हणजे सरळ, वाट नीट जाते, काठी नीट असते. मी पिन एका झटक्यात नीट केली. ती बुडातून तुटली.

"अगो, नीट म्हंजे सरल नाय, नीट म्हंजे नीट!" त्या हसता हसता खोकल्या. मग पेनाच्या रिकाम्या रिफिलचं पोकळ टोक पिनेवर टोपीसारखं चढवून दाखवलं: जरासं वळवायचं, थांबायचं, पुन्हा जरासं. "पिन हाय, खुंटा नाय. तिला दमानं उठव."

त्या युक्तीने माझ्या हातून पिना उभ्या राहू लागल्या, तरी दुकानाच्या शेठचा माझ्यावर विश्वास बसेना. एका कारखान्याचं यंत्र बंद पाडणारं कार्ड आलं, ज्याच्या जोडीचं दुसरं कुठेच मिळत नव्हतं, आणि त्यातली एक पिन अगदी आडवी निजलेली. मी हात पुढे केला तसे शेठ म्हणाले, "तू राहू दे. भाकरी थापायचे हात तुझे, कार्डाचा पापड करशील."

"पापड झाला त मी खाईन, शेठ," मालतीताई म्हणाल्या. मग आवाज उतरवून, "तिच्या हातून मोडली त तिच्यासंगं मलाबी काढा."

शेठ बाजूला झाले. कार्ड माझ्यापुढे आलं.

मी रिफिलचं टोक चढवलं. कोपर टेबलाला टेकवलं, श्वास सोडून झाला की तेवढ्याच निवांत फटीत पिनेला केसभर उठवलं आणि थांबले. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीकडे सरकत होता. मध्येच काहीतरी कुरकुरलं, पिन की माझा दात, कळलं नाही, वाटलं, संपलं. पण मी हात काढला नाही. आता उठायचं ते ही उभी करूनच, असं मनाशी धरून बसले. मालतीताईंकडे पाहिलं तर त्या पाठमोऱ्या, आपल्याच कार्डावरचा गंज काढत बसलेल्या. एकदाही वळून पाहिलं नाही त्यांनी.

पिन उभी राहिली. कार्ड बसवलं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उगवली. शेठनी पुढचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

पिना त्यानंतर कितीतरी उभ्या केल्या. ती पाठ मात्र मला अजून पुरती उलगडलेली नाही. स्वतःची भाकर दुसऱ्याच्या शिकाऊ हातावर ठेवून माणूस इतक्या निवांतपणे पाठ कशी फिरवतो? तसं मला जमेल का, ठाऊक नाही. पण मालतीताई, तुमच्यासाठी असं पणाला लागायची वेळ कधी आली, तर मी मागे सरणार नाही. हे तुमचं ऋण फेडायचं आहे, आणि मी फेडीन.