‘ऑफ’ आणि त्याचे सोयरे

मृत्यूपुढे भाषाही मान खाली घालते. आमच्या जिल्ह्यात ती मान खाली घालून इंग्रजी बोलते.

यवतमाळात माणूस मरत नाही, ‘ऑफ’ होतो. वास्तविक हा शब्द हलक्या कामांचा. मोबाईल ऑफ असतो, मूड ऑफ असतो, कंडक्टरचा आज ऑफ असतो. पण दवाखान्याच्या व्हरांड्यातून बाहेर पडता पडता कधीतरी त्याला बढती मिळाली. त्याला सोयरेही बरेच आहेत. साहेबलोक ‘एक्सपायर’ होतात. पुढारी ‘अनंतात विलीन’ होतात आणि चौकातल्या फ्लेक्सवर आणखी महिनाभर हसत राहतात. ज्याच्याशी बांधाचं भांडण असतं तो नुसताच ‘खपतो’. ‘ऑफ’ मात्र कोणालाही चालतो. शब्दांत एवढी समता मी दुसरीकडे पाहिली नाही.

मला हा शब्द कधीच आवडला नाही. माझा मोठा भाऊ वारला त्या सकाळी तर अजिबातच नाही.

भाऊ आठवडाभर दवाखान्यात होते. पहाटे संपलं. त्यांचा मुलगा व्हरांड्यात भिंतीला टेकून एकेका नातेवाइकाला फोन करत होता. “हो मामा, बाबा ऑफ झाले. नाही, पहाटेच. या तुमी.”

तिसऱ्या फोननंतर मला राहवलं नाही. म्हटलं, “अरे, ‘गेले’ म्हण. बाप आहे तुझा, ट्यूबलाइट नाही.”

“काका, ‘गेले’ म्हनलं का गळा दाटते,” तो म्हणाला. “मंग समोरचा रडते, मंग मीबी रडतो. अजून लय फोन करा लागते.” मोबाईलवर बोट फिरवत म्हणाला, “ऑफ म्हनलं का बोलता येते.”

तो पुढचा नंबर लावू लागला.

तेवढ्यात ताई आली. ताई आम्हा भावंडांत सगळ्यांत मोठी. डोळे पुसून ती सरळ कामाचं बोलली, “गाडी दुपारी गावात पोचन. त्याच्या आधी मायले कोनी तरी सांगा लागते. एकदम दारात गाडी आली तं ते पडन.” भीती खरी होती. आमचे मामा वारले तेव्हा निरोप ऐकताच माय उभ्याउभ्या कोसळली होती आणि दोन दिवस शुद्धीवर नीट आली नव्हती. आता तर ती आणखी थकली होती. एकाच दिवसात दोघांना न्यावं लागेल की काय, ही धास्ती कोणी बोलून दाखवत नव्हतं.

“तू जाय,” ताई म्हणाली. “पुस्तकं वाचून राह्यला जन्मभर. चांगल्या शब्दात सांगजो.”

मी राळेगावची बस धरली. खिडकीबाहेर कपाशी होती आणि मी शब्द शोधत होतो. ‘निधन’ वर्तमानपत्रात होतं, आईसमोर होत नाही. ‘देवाघरी गेला’ सगळ्यांत सोपं होतं, पण आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. तो रस्ता बंद. ‘कालकथित’ हा आम्हा बौद्धांचा शब्द, पण तो पत्रिकेवर नावाआधी छापायचा, माय निरक्षर. ‘प्राणज्योत मालवली’ मनात म्हणून पाहिलं आणि मलाच लाज वाटली. राळेगावला उतरून ऑटोत बसलो तोवर मराठीतले बहुतेक चांगले शब्द निकामी झाले होते. शेवटी ठरवलं, तब्येतीपासून सुरुवात करायची आणि हळूहळू खाली उतरायचं.

माय ओसरीत सूप घेऊन तूर पाखडत बसली होती. तिची नजर केव्हाच गेली होती, पण चाहुलीवरून ती माणूस ओळखायची.

“आला काय बाबू? आज मधातच कसा?”

“आलो सहजच. माय, भाऊंची तब्येत काल रात्रीपासून...”

तिने सूप थांबवलं नाही. “सकाळपासून नळावर कोनी भांडलं नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“अख्खी गल्ली चिडीचूप हाय. कोनाच्या बापाचा उद्धार नाही, घागर आदळली नाही. मले दिसत नाही, पन आयकू तं येते.” मग सूप खाली ठेवून तिने माझ्याकडे तोंड केलं. “कोन ऑफ झालं?”

मी समोर उभा होतो, म्हणजे मी नव्हतो. तिने उरलेल्या दोघांचा हिशेब केला.

“मोठा का ताई?”

“मोठा.”

ती कोसळली नाही. पडलेले दाणे चाचपडून तिने सुपात परत टाकले. मग विचारलं, “रातीले जेवला होता काय तो?” मी हो म्हणालो. भाऊंना चार दिवसांपासून सलाईनच होतं. त्यानंतर ती रडली. त्याचं वर्णन मी करणार नाही.

दुपारी गाडी आली तेव्हा ती दारात स्वतःच्या पायांवर उभी होती.

नळाची गोष्ट मी त्या आठवड्यात भेटायला आलेल्या बऱ्याच जणांना सांगितली. मला ती फार थोर वाटली होती. भाऊंच्या आठवणीत ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एका वक्त्याने तीच माईकवरून सांगितली. एका आईचं दुःख अख्ख्या गल्लीने ओठांवर बोट ठेवून जपलं, या मातीचे संस्कारच असे आहेत, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मांडवात बऱ्याच बायकांनी पदर डोळ्यांना लावला.

जेवणाच्या पंगतीत शेजारची काकू भाजी वाढत माझ्यापर्यंत आली.

“आमाले तं तुमी आल्यावर समजलं, भाऊ,” ती म्हणाली. “त्या दिवशी नळच आला नव्हता. टाकीची मोटर जळली होती.”